किलोला भाव काय?

कालपासून मला तिघांनी भाव विचारला. पहिला वाण्याच्या दुकानात, दुसरा एसटीच्या थांब्यावर. तिसरी आमची मासेवाली. तीन वर्षं मी तिच्याकडून बांगडे घेतोय. टोपलीवरचं फडकं बाजूला न करताच ती म्हणाली, "भाऊ, आज तुमका मासो कित्याक व्हयो? तुमीच पागात गावलास मां? कसो लावलो किलो?" शेजारच्या दोघी पदर तोंडाला लावून हसल्या. मी बांगडे न घेताच परत फिरलो. घरी डाळभात झाला आणि त्याचा ठपकाही माझ्यावरच आला.

झालं ते एवढंच, की परवा दिवेलागणीला आमच्या घरात वाघूळ शिरलं. बायको देवळात भजनाला गेलेली. माजघरात वाशाला केळीचा घड टांगला होता. तो पिकायला लागल्यापासून ती सांगत होती, त्याच्यावर गोणपाट घाला, वास सुटलाय. मी म्हणत होतो, घालतो. वाघळाला अर्थात हे संभाषण माहीत नव्हतं. ते खिडकीतून आलं, घडाला एक प्रदक्षिणा घातली, दिवा बघून गोंधळलं आणि माजघरात भोवऱ्यासारखं फिरायला लागलं.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. वाघळांची बाजू घेणारा आमच्या वाडीतला मी एकटा माणूस. डोंबिवलीहून निवृत्त होऊन गावी आलो तेव्हापासून ही वकिली मी फुकट करतो. देवळामागच्या वडावर मोठी वाघळं लटकतात, वडवाघळं, दिवसभर कचकच भांडत असतात. देवराईतली म्हणून त्यांना कोणी दगड मारत नाही. तेच वाघूळ रात्री कुणाच्या चिकूवर उतरलं की पत्र्याचा डबा घेऊन तोच माणूस बडवायला उठतो. चैत्र-वैशाखात हीच वाघळं काजूची बोंडं चोखून बिया झाडाखाली टाकतात. पहाटे म्हाताऱ्या टोपल्या घेऊन त्या वेचतात, तेव्हा वाघूळ शहाणं असतं. जूनमध्ये पडवीच्या भिंतीवर जांभळाचे शिंतोडे उडाले की मेलं, रांडेचं. २०२० साली करोनात दोघातिघांनी वडाखाली फटाक्यांची माळ लावायचं ठरवलं होतं. मीच आडवा गेलो. नंतर कुणीतरी देवाला कौल लावला, देवानेही नको म्हटलं आणि श्रेय देवाला गेलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. थोडी आहे.

पर्यावरण दिनाला हायस्कुलातही मी पोरांना सांगून आलो होतो, की वाघूळ केसात अडकतं ही भाकड समजूत. सतराशे नव्वदच्या दशकात स्पालांझानी नावाच्या इटालियन पाद्र्याने पाहिलं, की काळोखात घुबड भिंतीवर आदळतं, वाघूळ आदळत नाही. जेनेव्हाच्या ज्युरीन नावाच्या शल्यविशारदाने मग वाघळांचे कान बंद केले आणि ती आदळायला लागली. पुढची सव्वाशेहून जास्त वर्षं शहाणी माणसं हसली: कानांनी कोण बघतं? १९३८ साली अमेरिकेत डोनाल्ड ग्रिफिन या विद्यार्थ्याने आपल्याला ऐकू न येणारे त्यांचे आवाज यंत्रावर पकडले, तेव्हा हसणं थांबलं. फळं खाणाऱ्या आपल्याकडच्या वाघळांना बहुतेक ही विद्या नाही, ती डोळ्यांवर आणि नाकावर चालतात, पण डोळे असे की काळोखात त्यांना पिकलेलं केळं दिसतं. माणसाचं डोकं तर दिसणारच. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

आणि परवा त्याच वाघळाने माझ्या कपाळावरून वारा घातला, तेव्हा मी ओट्यावरची रोवळी उचलून डोक्यावर उपडी घातली, टेबलाखाली शिरलो आणि ओरडलो, "तात्यानू!"

तात्या म्हणजे आमचे शेजारी. वय सत्तरच्या वर. ते खाडीवर निघाले होते, खांद्यावर पाग, म्हणजे फेकून मासे धरायचं जाळं. तसेच आत आले, मागोमाग त्यांचा नातू, हातात मोबाईल.

"बोंब कित्याक मारतंस? चोर शिरलो काय?"

"वागूळ शिरला, तात्यानू."

तात्यांनी वर पाहिलं. मग खाली, टेबलाखाली पाहिलं. वाघळापेक्षा मला जास्त वेळ पाहिलं.

"आणि डोक्यार रोवळी कसली? तांदूळ धूतलस?"

"केसांत अडाकता म्हणान..."

तात्या वाकले. रोवळीची कड दोन बोटांनी वर उचलून त्यांनी आतला प्रदेश नीट तपासला.

"खयच्या केसांत?"

नातू खिदळला. तेव्हाच मला कळायला हवं होतं, की मोबाईल चालू आहे.

तात्यांनी खुर्ची ओढली. माणूस संकटात असताना खुर्ची ओढून बसण्याची एक खास पद्धत आमच्या गावात आहे. पानाची चंची काढली, पान लावायला घेतलं आणि उलटतपासणी सुरू केली.

"इला खयसून?"

"खिडकेतसून."

"उजव्या काय डाव्या?"

"त्याचो काय संबंध?"

"उजव्यान इला तर लक्ष्मी येता."

"आणि डाव्यान?"

तात्यांनी चुना चोळत विचार केला. "तर उजव्यान इला म्हणान सांगूचा."

वाघूळ डोक्यावरून दोनदा गेलं. तात्यांनी पापणी हलवली नाही.

"तोंडानच खाता आणि तोंडानच हगता ता. दोन वाटो नाय त्याका."

आता हे ऐकून घेणं माझ्या वकिलीला परवडणारं नव्हतं. टेबलाखालूनच मी म्हटलं, "तसा नाय, तात्यानू. रस चोखता आणि चोथो थुकता. तुमी पान खातास तसाच." तात्यांचं पान तोंडाजवळ थांबलं. आमच्या पडवीच्या डाव्या खांबाला त्यांच्या पानाचा जो नकाशा उमटला आहे, तो मी कधी बोलून दाखवलेला नाही. परवा तोंडातून निघून गेलं.

"कानाक चिकाटला तर सोडना नाय," तात्या आणखी गंभीर झाले. "ढग गडगडल्याशिवाय."

"ता कासवाचा."

"कासवाचा आसात. हेचाय तसाच."

मग ते खाली वाकले आणि आवाज बारीक केला. "जिवंत गावलो तर बरा होयत. आमच्या भावजयेक दमो आसा."

हे मात्र मला सहन होईना. दम्याला वाघळाचं मांस, गुडघ्याला वाघळाची चरबी, ही औषधं मी लहानपणापासून ऐकतोय आणि ती घेतलेल्या एकाचाही दमा गेलेला मी पाहिला नाही. मी कायद्यावर आलो. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात फळं खाणाऱ्या वाघळांना कावळा, उंदीर, घूस यांच्या रांगेत बसवलं होतं, उपद्रवी म्हणून, कुणीही मारा. पन्नास वर्षं ती तिथे बसली. २०२२ च्या दुरुस्तीत ती यादीच गेली. "केस होतली, तात्यानू," मी म्हटलं.

"कोण सांगतलो? तू?"

"रोग येता. कोझिकोडाक २०१८ साली निपाह इलो होतो, माणसां गेली."

"ता केरळात."

"महाबळेश्वराच्या गुहेतल्या वाघळांच्या रक्तात निपाहच्या खुणा गावल्यो. पुण्याच्या संस्थेन २०२१ साली सांगितल्यान. हात लावू नुको."

"मगे तू आत्तापर्यंत त्यांची बाजू कित्याक घेतंस?" तात्या म्हणाले.

याचं उत्तर माझ्याकडे आहे. हात लावू नका आणि मारू नका, या दोन गोष्टी एकाच माणसाने सांगायला काही हरकत नाही. पण डोक्यावर रोवळी असताना ते पटवून देता येत नाही.

तेवढ्यात वाघूळ दमलं आणि आजोबांच्या तसबिरीच्या खिळ्याला लटकलं. माझ्यापासून हातभर. एवढ्या जवळून मी पहिल्यांदाच पाहिलं. कुत्र्याच्या पिल्लाचं तोंड. कानांच्या कडांना पांढुरकी किनार, जणू कुणी मुद्दाम कातरून लावलेली. पोट भराभर उडत होतं. पंख अंगाला गुंडाळून घेतले होते, पावसात भिजलेला माणूस घोंगडी घेतो तसे. नाकाच्या बाजूला केळ्याचा एक पांढरा तुकडा चिकटला होता. ते मोठ्या काळ्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत होतं. मी रोवळी काढली. खरंच काढली, पण हे व्हिडिओत नाही. पोराने नेमका तेव्हा कॅमेरा तात्यांकडे वळवला होता.

"हालू नुको," तात्या म्हणाले.

मला वाटलं, वाघळाला सांगताहेत.

पाग टाकताना बघायचा असेल तर तात्यांचाच बघावा. कालावलच्या खाडीत चिप्पीच्या झाडांच्या कडेने ते गुडघाभर पाण्यात उभे राहतात, दोरी मनगटाला, अर्धा पाग कोपरावर, शिशाच्या मण्यांची कड दातात, कमरेतून एक गिरकी, आणि पाग पाण्यावर ताटासारखा गोल पडतो. (पांढरी चिप्पी म्हणजे २०२० पासून आपल्या राज्याचं कांदळवनाचं झाड. तिची फुलं रात्री उमलतात, त्यांच्यावर वाघळं येतात, आणि तिच्या मुळांत तात्यांचे मासे, काळुंदरं, वाढतात. हे मी त्यांना एकदा सांगितलं होतं. ते म्हणाले, काळुंदराक पंख नसतत.)

माजघरात पाणी नव्हतं आणि जागाही नव्हती. तरी पाग गोल पडला. चाळीस वर्षांत इतको गोल पडूक नाय, असं तात्या आता सगळ्यांना सांगतात. त्या गोलात पंख्याची तीन पाती, टीव्ही, तांब्याचा हंडा, एक स्टूल आणि मी आलो. वाघूळ पाग अर्धा उघडायच्या आधीच खिडकीतून गेलं. उजव्या. पण ते आम्हाला नंतर कळलं.

"गावला! गावला!" तात्या ओरडले.

"तात्यानू, मी गावलंय."

"तू गप रव. आत धडपडता ता वागूळ."

आत धडपडत होतो मी. हंडा घरंगळला, शिशाचे मणी पाठीवर गारांसारखे बसले. तात्यांनी दोरी ओढली, तसा पाग आवळला आणि मी स्टुलासकट गुडघ्यांवर आलो. नातू म्हणाला, "आजोबा, वायच थांबा, हयसून चांगला दिसता." थांबले! सत्तरीचा माणूस, हातात दोरी, दोरीत शेजारी, आणि हा नातवाला फोटो नीट यावा म्हणून थांबला.

मी डोंबिवलीत एकतीस वर्षं राहिलो. तिथे मी घरात किंचाळलो असतो तर समोरच्याने टीव्हीचा आवाज वाढवला असता. इथे हाक मारली की माणूस पाग घेऊन धावत येतो, ही गोष्ट मी मुंबईच्या मित्रांना फोनवर अभिमानाने सांगत आलोय. पुढची बाजू सांगायची राहिली: इथे माणूस आला की जात नाही. तो तुमच्या घरातलं जे बघतो ते वाडीचं होतं, वाडीकडून एसटीच्या थांब्यावर जातं आणि तिथून मासेवालीच्या टोपलीत येतं. समोरच्याने टीव्हीचा आवाज वाढवला, हा किती मोठा सुसंस्कृतपणा होता, ते मला परवा पागाच्या आतून कळलं.

भजनवाल्या सात बायका दारात केव्हा येऊन उभ्या राहिल्या, कळलं नाही. टाळ वाजता वाजता मध्येच थांबले, तेव्हा मान वळवली. बायको सगळ्यांत पुढे. तिने पंख्याला अडकलेलं जाळं बघितलं, तात्यांच्या हातातली दोरी बघितली, हंडा बघितला. माझ्यावरून तिची नजर न थांबता गेली आणि घडावर थांबली. खालची तीन केळी अर्धी खाल्लेली.

"तुमी केळ्यांर गोणपाट घातलास?" ती म्हणाली.

रात्री व्हिडिओ वाडीच्या ग्रुपवर आला. खाली बावीस जणांनी हसणारी तोंडं टाकली होती. त्यातली सात जण अशी, की घरात पाल दिसली तर मला बोलावतात. भाव विचारणारा पहिला माणूस त्यातच होता.

काल सकाळी तात्यांचा नातू चार काळुंदरं घेऊन आला. मी विरघळत होतो. मग तो म्हणाला, "आजोबांनी सांगल्यान, पागाचे सतरा मणी कमी आसत. तुमच्या घरात बघूक व्हये. आणि जाळा फाटला ता येगळा."

माजघर झाडून अकरा मणी मिळाले, टीव्हीमागे, हंड्यात, पंख्याच्या वाटीत. बारावा आज दुपारी मिळाला. बायकोने तांदूळ धुतले तेव्हा रोवळीत खडखडला. तिने तो धुऊन, पुसून, काही न बोलता माझ्या ताटात मिठाच्या शेजारी वाढला.