ताई, तुम्ही बसा ना

आज लक्ष्मी रोडला गेले होते, भाचीच्या लग्नातल्या आहेराची साडी घ्यायला. आत शिरताच काउंटरवरच्या मुलीने स्टूल पुढे सरकवलं. "ताई, तुम्ही बसा ना." बसले. तिने तीसेक साड्या उलगडल्या, स्वतःच्या खांद्यावर पदर टाकून दाखवल्या. मी दोन साड्यांत घोळ घालत बसले, तेवढ्यात ती क्षणभर कपाटाला टेकली. लगेच गल्ल्यावरून आवाज, "काय गं, झोप येतेय का?"

डोकंच फिरलं. साडी न घेता बाहेर पडले. (तिची विक्री आपण बुडवली, हे रिक्षात सुचलं. शहाणीच मी.)

आमची आई अकरा वर्षं अशाच दुकानात उभी होती. "कामाला होती" म्हणवत नाही मला. सकाळी नेलेली पाण्याची बाटली संध्याकाळी जवळजवळ भरलेलीच परत यायची. मी ओरडायचे, पाणी का पीत नाहीस? संडास दोन इमारती सोडून होता आणि जायला विचारावं लागायचं, हे तिने मला मी नोकरीला लागल्यावर सांगितलं.

आज त्या मुलीचीही बाटली काउंटरखाली दिसली. दुपारचे साडेचार. गळ्यापर्यंत भरलेली.

आणि गंमत बघा, जुन्या दुकानांत गुमास्ते गादीवर मांडी घालून माल दाखवायचे. दुकानाच्या परवान्याला आपण अजून गुमास्ताच म्हणतो. पुरुष बसले तर पेढीची शान, बाई टेकली तर आळस?

केरळातल्या कोळिकोडच्या मिठाई गल्लीतल्या दुकानांमधल्या बायका यावरच पेटून उठल्या. शिवणकाम करणाऱ्या विजी पुढे झाल्या, 'पेणकूट्टू' ही बायकांची संघटना उभी राहिली. आधी संडासासाठी भांडल्या, मग बसण्यासाठी. 2018 मध्ये केरळला कायदा बदलावा लागला, 2021 मध्ये तामिळनाडूनेही बदलला. आपल्या 2017 च्या दुकान कायद्यात पाणी, संडास सगळं लिहिलेलं आहे. लिहिलेलं आहे!

ऑनलाईनने दुकानदारांचं कंबरडं मोडलंय, मान्य. पण स्टुलाला कितीसे पैसे पडतात हो? मंदी आली की पहिली कात्री हिच्या पगाराला, वर "दारात दहाजणी उभ्या आहेत" हे ऐकवायला मोकळे. एकटीने बसायला मागितलं तर घरीच बसवतील. तिथल्या बायकांनाही ही भीती होतीच की. म्हणून तर सगळ्या मिळून गेल्या.

संध्याकाळी आईला सांगितलं तर म्हणाली, "धंद्याच्या वेळी बसवत नाही गं." खरंय तिचं. परवा तिला चपला घ्यायला नेलं होतं. मुलाने खुर्ची दिली, तर खुर्चीची पाठ धरून उभीच राहिली, गिऱ्हाईक असून.