कॅमेऱ्याचा बेल्ट: फिरत्या संदेशातील चार विधाने तपासताना

तुळशीचे लग्न लागले की मराठवाड्यात लग्नसराई सुरू होते, आणि त्याच सुमारास आम्हा छायाचित्रकारांच्या मोबाइलवर एक जुना संदेश दरवर्षी नव्याने फिरू लागतो. त्यात चार गोष्टी ठामपणे सांगितलेल्या असतात: पेटीत आलेला पट्टा कंपनीने तपासलेला असल्यामुळे तोच सर्वांत सुरक्षित, मान दुखत असेल तर अधिक रुंद आणि जाड गादीचा पट्टा घ्यावा, खांद्यावरून तिरका घालायचा पट्टा घेऊच नये, कारण त्याचा स्क्रू निघून कॅमेरा पडतो, आणि पट्टा गळ्यात असला की चोरीची भीती उरत नाही. संदेश लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असावा, आणि त्यातले एक विधान अर्धे खरेही आहे. परंतु परभणी-हिंगोलीकडची नवी मुले त्यावर विसंबून बेल्ट निवडतात (आपल्याकडे पट्टा कोणी म्हणत नाही, बेल्टच म्हणतात), म्हणून प्रत्येक विधान वेगळे तपासणे भाग आहे.

पेटीतला पट्टा कच्चा असतो, असे माझे म्हणणे नाही. उलट, त्याची विणलेली पट्टी मधूनच तुटल्याचे मी आजवर एकदाही पाहिलेले नाही. कॅमेरा पडतो तो सांध्यातून: बकलमधून पट्टीचे टोक सरकते, कडी उघडते, शिवण उसवते किंवा स्क्रू सैल होतो. कंपनीने पट्टा तपासला असला, तरी तो कॅमेऱ्यात ओवतो आपण, आणि ते ओवणे कोणत्याही कारखान्यात तपासले जात नाही. पट्ट्याचे टोक कडीतून खालच्या बाजूने वर घ्यावे, मग बकलमधून काढावे, ढिलाई ओढून घ्यावी आणि पट्टा बकलमधून सुटणार नाही याची खात्री करावी, असे कॅननच्या माहितीपुस्तिकेत सांगितलेले असते. पण पुस्तिका पेटीतच राहते आणि पट्टा दुकानदाराने घाईत जसा अडकवला तसा वर्षानुवर्षे चालतो. शेवटी बोटभरही टोक शिल्लक ठेवलेले नसेल, तर घामाने गुळगुळीत झालेली नायलॉनची पट्टी एखाद्या वरातीत हळूहळू सरकत जाते आणि सरकल्याचे कळतही नाही. मी चार बोटे टोक सोडतो आणि ते बकलच्या आतल्या बाजूला दाबून ठेवतो. अनेक मिररलेस (आत आरसा नसलेल्या) बॉडींना, म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यांना, पट्टीसाठी फट नसून बारीक गोल किंवा त्रिकोणी कडी असते. तिथे पट्ट्यापेक्षा ती कडी आधी तपासावी. स्वस्तातली कडी किल्ल्यांच्या कडीसारखी पीळ बसताच उघडते.

दुसऱ्या विधानावर जरा थांबावे लागेल, कारण सर्वाधिक पैसे इथेच वाया जातात. कॅनन १५०० डी ही बॉडी बॅटरी आणि कार्डासह सुमारे ४७५ ग्रॅम भरते आणि १८-५५ची लेन्स सुमारे २०० ग्रॅम. म्हणजे सगळे मिळून पाऊण किलोच्या आत. एवढ्या वजनाला पेटीतला पट्टा पुष्कळ झाला. कॅननचीच फाइव्ह डी मार्क फोर मात्र सुमारे ८९० ग्रॅमची आहे, आणि तिच्यावर दूरचे टिपणाऱ्या ७०-२०० एफ २.८ लेन्सची तिसरी आवृत्ती चढवली की आणखी १,४८० ग्रॅम वाढतात. हे ओझे सव्वादोन किलोहून अधिक होते. पट्टा दुप्पट रुंद केल्याने यातला एक ग्रॅमही कमी होत नाही. मानेच्या कातडीवरचा दाब विभागला जातो, एवढेच. पण कॅमेरा छातीपुढे लोंबकळत असल्यामुळे मान पुढे ओढली जाते आणि तिला सावरण्यासाठी मानेच्या मागचे स्नायू दिवसभर ताणलेले राहतात. तो ताण गादीने जात नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला आपण बैलाचा खांदा मळतो, त्याची मान नव्हे. ओझे कुठे टेकते हे आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना कोणी शिकवावे लागत नव्हते. सव्वादोन किलोचा कॅमेरा तिरक्या पट्ट्याने खांद्यावर आणि पाठीवर टेकवला, की मान त्यातून बहुतांशी सुटते.

रुंदीलाही मर्यादा आहे. खांदा सपाट फळी नसून उतरता असतो, त्यामुळे फार रुंद आणि ताठ पट्टा एका कडेवरच टेकतो आणि ती कडच रुतते. गादीसाठी वापरले जाणारे निओप्रीन हे रबरासारखे कापड किंचित ताणते, म्हणून दुकानात दोन मिनिटे घालून पाहिल्यास कॅमेरा हलका झाल्याचा भास होतो. पण त्यातून हवा खेळत नाही, आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा दुपारच्या अक्षतांपर्यंत गादीखालचा शर्ट चिंब होतो. कातडी पट्टा दिसायला देखणा, पण घाम मुरल्यावर तो उन्हात वाळवला तर ताठ होतो आणि शिवणीपाशी भेगाळतो. मला स्वतःला चार-पाच सेंटिमीटर रुंदीची, मऊ विणीची साधी पट्टी आणि तिच्याखाली घडी घातलेली सुती दस्ती (हातरुमाल) याहून सोयीचे काही सापडलेले नाही. पट्ट्यावर घामाच्या मिठाची पांढरी रेघ दिसली, की कोमट पाण्यात धुऊन तो सावलीत वाळवावा.

तिसरे विधान अर्धे खरे आहे, आणि हे मी अनुभवाने सांगतो. काही तिरके पट्टे कॅमेऱ्याच्या तळाशी, ट्रायपॉडच्या भोकात स्क्रूने बसतात. हा पाव इंची स्क्रू असतो, त्याला इंचाला २० आटे असतात, आणि त्यातले मोजकेच आटे भोकात जातात. कॅमेरा उलटा लोंबकळतो, प्रत्येक पावलाला थोडा फिरतो, आणि ती फिरकी आट्यांच्या उलट दिशेची असली तर स्क्रू सुटत जातो. एका लग्नात नवरदेव घोड्यावर चढत असताना माझा कॅमेरा असाच निसटला. वाचला तो केवळ खाली सतरंजी अंथरलेली होती म्हणून. पण यावरून निघणारा निष्कर्ष तिरका पट्टा टाकून द्यावा, असा नाही. स्क्रूखाली रबरी वॉशर हवा, आणि त्याखेरीज बॉडीच्या बाजूच्या कडीला जोडलेली दुसरी छोटी दोरी हवी, म्हणजे एक सांधा सुटला तरी दुसरा धरून ठेवतो. मी स्क्रू घट्ट केल्यावर त्याच्या माथ्यावरून कॅमेऱ्याच्या तळापर्यंत नेलपॉलिशची एक सरळ रेघ ओढतो. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला. लग्नघरात नेलपॉलिशला तोटा नसतो. जड लेन्सला स्वतंत्र ट्रायपॉड कॉलर, म्हणजे ट्रायपॉडला बसवायचे कडे, असते. पट्टा तिथेच अडकवावा, नाहीतर लेन्सचे सारे वजन बॉडीच्या माउंटवर, म्हणजे लेन्स बसते त्या कड्यावर, येते.

शिवाय तिरका पट्टा स्क्रूनेच बसतो, हे गृहीतकही चूक आहे. बारीक दोरीच्या टोकाला चकती असलेले सांधे बॉडीच्या मूळ कड्यांत ओवता येतात. पीक डिझाइनच्या अशा सांध्याची क्षमता कंपनी २०० पौंड, म्हणजे सुमारे ९० किलो सांगते, आणि दोरी झिजली की आतला वेगळा रंग दिसू लागतो; तो दिसताच सांधा बदलायचा. मात्र याच्या हुबेहूब नकला स्वस्तात मिळतात, आणि मूळ कंपनीचा आकडा नकलेला लागू होत नाही.

तिरक्या पट्ट्याचा खरा दोष या संदेशात आलेलाच नाही. वाकले की तो कॅमेरा कंबरेपासून झुलत पुढे येतो. देवगिरी किल्ल्याच्या अंधारीत, म्हणजे काळोख्या भुयारी वाटेत, एका हातात बॅटरी असताना तो भिंतीवर आपटतो, आणि अजिंठ्याच्या मंद उजेडातल्या, गर्दीच्या लेण्यात तर शेजारच्या चित्राला त्याचा धक्का लागू शकतो. तिथे आखूड करून छातीशी घेतलेला साधा पट्टाच योग्य. म्हणूनच लांबी एका हाताने झटकन कमी-जास्त करता येते की नाही, हे मी गादीच्या आधी पाहतो. वेरूळला दिवसभर फिरणाऱ्याला आणि पैठणच्या नाथसागर जलाशयाच्या काठावर पक्ष्यांसाठी तासन् तास बसणाऱ्याला एकच पट्टा सोयीचा ठरेल, असे नाही.

चौथे विधान थोडक्यात निकालात काढता येते. लग्नात कॅमेरा गळ्यातून कोणी ओढून नेत नाही. जेवणाच्या पंगतीला बसताना तो खुर्चीवर ठेवला जातो, तेव्हा जातो. रस्त्यावर दुचाकीवरून कोणी पट्ट्याला हिसका दिलाच, तर गळ्यातला न तुटणारा पट्टा कॅमेऱ्याबरोबर माणसालाही फरफटवतो. पेटीतल्या पट्ट्यावर कंपनीचे नाव आणि बहुधा मॉडेलही ठळक विणलेले असते, ते चोरालाही वाचता येते. माझा पट्टा काळा आणि कोरा आहे.

नवा पट्टा घेतल्यावर त्याला पहिल्या दिवशी कॅमेरा लावू नये. कापडी पिशवीत दोन-अडीच किलो ज्वारी भरून ती त्याच सांध्यांना अडकवावी, तासभर गच्चीवर चालावे, वाकावे, जिने उतरावे, आणि मग बकलपाशी पट्टी किती सरकली ते खुणेवरून मोजावे.