'स्वस्त गिटारवर खर्च म्हणजे पैसे पाण्यात' म्हणणाऱ्यांना उत्तर

इलेक्ट्रिक गिटार शिकायला लागलेल्या प्रत्येकाला कधी ना कधी एक सल्ला मिळतो. इतक्या जणांनी तो इतक्यांदा पुढे पाठवलाय की मुळात कोणाचा, हे आता सांगता यायचं नाही. सल्ला असा: स्वस्त गिटार सुधारत बसू नका. तिचं लाकूडच हलकं, त्यामुळे आवाज चांगला येणारच नाही. अगदी हौस असेल तर पिकअप बदला, फरक पडला तर तेवढ्यानेच पडेल. ती सुरात राहत नाही कारण खुंट्या भिकार असतात. नेकमधल्या, म्हणजे गिटारच्या लांब मानेतल्या, ट्रस रॉडला घरी हात लावाल तर नेक जाईल, सोल्डरिंग कराल तर शॉक बसेल. आणि एवढं करून विकायला काढलीत तर घातलेले पैसे निघणार नाहीत. तेव्हा पैसे साठवा आणि महागातली घ्या.

यातला विक्रीचा मुद्दा खरा आहे. बाकीच्यांत थोडं तथ्य आणि बरंचसं ऐकीव.

"लाकूडच हलकं"

पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे. वरची स्टीलची तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र बदलतं, वेढ्यांत वीज निर्माण होते आणि तीच ॲम्पकडे (ॲम्प्लिफायरकडे) जाते. लाकूड या साखळीत थेट कुठेच नाही. तारेचं कंपन किती टिकतं यावर त्याचा काही परिणाम होतो; तो कानाला किती कळतो यावर भांडणारे रात्र रात्र भांडतात, भांडोत बापडे. १९३०च्या दशकातली रिकेनबॅकर कंपनीची गिटार 'फ्राइंग पॅन' ॲल्युमिनियम ओतून केलेली होती. डॅनइलेक्ट्रो या कंपनीने १९५०च्या दशकात लाकडी चौकटीवर मॅसोनाइट, म्हणजे हार्डबोर्ड, ठोकून गिटारी विकल्या आणि त्यांचा आवाज आजही लोक शोधत फिरतात. क्वीन या रॉक बँडच्या ब्रायन मेने १९६३ साली वडिलांबरोबर घरीच गिटार करायला घेतली, तिचा नेक एका जुन्या फायरप्लेसच्या लाकडाचा आणि बॉडीचा बराच भाग ब्लॉकबोर्डचा. पुढची सगळी कारकीर्द त्याने मुख्यतः त्याच गिटारवर काढली.

लाकूड खरंच महत्त्वाचं ठरतं ते नेकमध्ये. नीट न वाळवलेला नेक पिळवटतो, आणि पिळवटलेल्या नेकला घरी इलाज नाही. गिटार डोळ्यांसमोर बंदुकीसारखी धरून नेकच्या दोन्ही कडा बघा. एक कड वर आणि एक खाली जात असेल तर सल्ला देणाऱ्याचं ऐका आणि तिथेच थांबा.

पण सहसा नेक बरा असतो. बॉडी आणि नेक आता संगणकाने चालणाऱ्या सीएनसी यंत्रावर कापले जातात आणि स्वस्तातल्या गिटारीतही हे काम बऱ्यापैकी नेमकं येतं. काटकसर होते ती माणसाच्या तासांत. नटच्या (नेकच्या टोकाशी तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीच्या) खाचा पुरत्या न कोरता सोडतात, फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) एका पातळीत आणत नाहीत, त्यांची टोकं घासत नाहीत, तारांची उंची अंदाजाने ठेवतात. ही सगळी कामं वेळ आणि चिकाटी मागतात, महाग सामान फारसं नाही. म्हणजे स्वस्त गिटारमध्ये जे कमी असतं नेमकं तेच घरी बसून भरून काढता येतं, आणि सल्ल्यात त्याचा उल्लेखही नाही.

"सुरात राहत नाही कारण खुंट्या भिकार"

हा आरोप सगळ्यात जास्त वेळा चुकीच्या जागी होतो. खुंटीत एक स्क्रू दातेरी चाकाला फिरवतो. स्क्रू चाकाला फिरवू शकतो, पण तारेचा ताण चाकामार्फत स्क्रूला उलटं फिरवू शकत नाही. रचनाच तशी आहे. स्वस्त खुंटीत दात्यांमध्ये थोडी ढील असते हे खरं. त्यासाठी सूर नेहमी खालून वर आणायचा. वर गेला तर पार खाली उतरवून पुन्हा चढवायचा, म्हणजे ढील ताणाखाली दबून राहते. खुंटीचा दांडाच डुगडुगत असेल तर त्याला पुढून धरणारी चकती आवळून बघा, तरीही डुगडुगला तर बदला.

खरा गुन्हेगार बहुधा नट. तार त्याच्या खाचेत अडकते, बेंड केल्यावर (तार बोटाने आडवी ओढल्यावर) परत जागेवर सरकत नाही आणि सूर उतरलेला राहतो. खुंटी फिरवताना 'टिक' असा आवाज येऊन सूर एकदम उडी मारत असेल तर वेगळ्या पुराव्याची गरज नाही. तार ढिली करून खाचेत मऊ पेन्सिलीचं शिसं चोळा. तेवढ्याने भागलं नाही तर तारेच्या जाडीची नट-कानस लागेल. नव्या तारा बोटांनी ओढून ताणून घ्या आणि खुंटीवर दोन-तीनच नेटके वेढे ठेवा, एकावर एक गुंडाळा नको.

नटचा दुसरा दोष जास्त छुपा आहे. खाचा उंच असल्या की पहिल्या दोन-तीन फ्रेटवर तार दाबताना ती जास्त ताणली जाते आणि सूर चढतो. मोकळ्या तारा ट्यूनरवर अचूक, आणि साधा ई मेजर कॉर्ड मात्र आंबट. बिचारा शिकाऊ स्वतःच्या बोटांना दोष देत राहतो. तपासायला तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटच्या वर बघा: केसाएवढी फट हवी. कागदाची घडी सरकत असेल तर खाच खोल करायला वाव आहे. कानशीचे दोन-चार हात मारायचे, तार बसवून बघायचं, पुन्हा मारायचे. खाच जास्त खोल झाली तर मोकळी तार पहिल्या फ्रेटला घासते. मग नवा हाडाचा नट बसवा, गिटारच्या सगळ्यांत स्वस्त सुट्या भागांपैकी तो एक.

मग राहिलं इंटोनेशन. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता बोट नुसतं टेकवून छेडलेला सूर) आणि तिथेच दाबलेला सूर एकच यायला हवा. दाबलेला चढा आला तर ब्रिजवरचं सॅडल, म्हणजे बॉडीकडच्या टोकाला तार जिच्यावर टेकते ती सरकती टेकणी, नेकपासून लांब सरकवा, उतरा आला तर जवळ आणा. एका स्क्रूड्रायव्हरचं काम.

"ट्रस रॉडला हात लावू नका"

मग तिथे चावीला जागा ठेवलीय कशाला? 'नऊ ते बेचाळीस', म्हणजे ०.००९ ते ०.०४२ इंच जाडीच्या, तारांचा संच नेहमीच्या सुरात लावला की नेकवर सुमारे ३८ किलोंचा ताण येतो. त्याला तोल देण्यासाठी आत रॉड असतो, आणि तारांची जाडी किंवा हवा बदलली की तो थोडा फिरवावा लागतो. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, नेक जिथे बॉडीला मिळतो तिथे तार दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखालची फट बघा. साधारण ०.२ ते ०.३ मिलिमीटर ठीक. जास्त असेल तर रॉड आवळायचा, कमी असेल तर सैल करायचा. एका वेळी पाव फेरा, पुन्हा सूर लावा, थोडा वेळ जाऊ द्या, मग पुढचा विचार. रॉड बिघडतो तो चुकीच्या मापाच्या ॲलन कीने कडा झिजवल्यामुळे किंवा फिरत नसताना जोर केल्यामुळे. फिरत नाही म्हणजे थांबायचं, एवढी भीती पुरे.

नेकनंतर तारांची उंची आणि मगच इंटोनेशन. क्रम उलटा केला तर सगळं दोनदा करावं लागतं. बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली २ आणि बारीक तारेखाली १.५ मिलिमीटरपासून सुरुवात करा. एखाद्याच जागी खरखर उरली तर पुढचा फ्रेट उंच आहे: छोटी सरळ पट्टी सलग तीन फ्रेटवर ठेवा, ती डुलली तर मधला सापडला. नेकला टेप लावून, फ्रेटच्या माथ्यावर मार्करची शाई लावून सपाट पट्टीने घासायचं काम घरी होतं, पण ते सावकाश करायचं आहे.

"फार तर पिकअप बदला"

हा क्रम उलटा आहे. फ्रेट खरखरत असतील आणि नट उंच असेल तर चांगला पिकअप तीच खरखर आणखी स्वच्छ ऐकवेल. आधी असलेल्या पिकअपची उंची बदलून बघा, फुकट आहे. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून पिकअपपर्यंत २-३ मिलिमीटर अंतर ठेवा आणि मग कानाने ठरवा. फार जवळ आणलात तर चुंबक तारेला ओढतो आणि जाड तारा वरच्या फ्रेट्सवर विचित्र डगमगतात.

गुणगुण कमी करायला बॉडीतल्या वायरिंगच्या पोकळीत तांब्याची टेप लावतात. टेपचे सगळे तुकडे एकमेकांना आणि ग्राउंडला जोडलेले हवेत, मल्टीमीटरने तपासा. मात्र सिंगल कॉइलची (एकाच वेटोळ्याच्या पिकअपची) गुणगुण बरीचशी चुंबकीय असते, ती टेपने जात नाही. गिटार हातात धरून स्वतःभोवती फिरा. दिशेनुसार गुणगुण कमी-जास्त झाली तर ती याच प्रकारातली.

हे सगळं झाल्यावरही आवाज मळकट वाटला तर खुशाल पिकअप बदला. सोबत पॉट (आवाज आणि टोनच्या बटणांखालचा भाग) बघा: सिंगल कॉइलला सहसा २५० किलोओहम, हमबकरला (दोन वेटोळ्यांच्या पिकअपला) ५००. आणि काही मागवण्यापूर्वी मोजा. १६ मिलिमीटरच्या पॉटच्या जागी २४ मिलिमीटरचा कधी कधी मावत नाही. ब्रिजवर तारांतलं अंतर आणि बॉडीची जाडीही स्वस्त मॉडेलांत वेगळी असते.

"शॉक बसेल"

साध्या पॅसिव्ह गिटारमध्ये ना बॅटरी, ना घरातली वीज. केबल काढलीत की तिच्यात शॉक देण्यासारखं काही उरत नाही. धोका भाजण्याचा आणि शिसं असलेल्या सोल्डरचा, म्हणून खिडकी उघडी ठेवा आणि नंतर हात धुवा. वायरी सोडवण्याआधी फोटो काढा. ॲम्प मात्र उघडू नका: व्हॉल्व्ह ॲम्पच्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही काहीशे व्होल्ट शिल्लक असू शकतात. सल्ल्यातली भीती तिथे लागू पडते.

"विकताना पैसे निघणार नाहीत"

नाही निघणार. घेणारा स्वस्त गिटारचीच किंमत देतो, आत काय घातलंय याची नाही. म्हणूनच काढलेले पिकअप, खुंट्या, पॉट, स्क्रूसुद्धा एका डब्यात नावं लिहून ठेवा. विकायची वेळ आली तर तेच परत बसवा आणि नवं सामान पुढच्या गिटारसाठी काढून घ्या. नट आणि फ्रेटवर केलेलं काम तेवढं नव्या मालकाला मिळेल.