‘टेन्शन असेल तिला’ म्हणणाऱ्यांनो, आधी पिसवा शोधा

मांजराच्या पोटावरचे केस गेले की जगातल्या प्रत्येक माणसाला एकच निदान सुचतं. टेन्शन असेल तिला. शेजारच्या काकू म्हणतात, फोनवर आत्या म्हणते, आणि कहर म्हणजे पैसे घेऊन तपासणारे डॉक्टरही तेच म्हणतात, तेही तिला नीट पाठीवर झोपवून पोट न बघता. हे वाक्य ऐकलं की आता माझं डोकं सणकतं.

आमच्या मनीचं पोट आणि मांड्यांची आतली बाजू पार गुळगुळीत झालीय. कातडी लाल, ओलसर. रात्री दोन-तीनला जाग येते ती त्या खरखर चाटण्याच्या आवाजानं. मांजराच्या जिभेवर मागे वळलेले टणक काटे असतात, सतत चाटलं की केस तुटणारच. वर लोक म्हणणार, "अगं मांजरं चाटतातच!" चाटतात हो. पण नेहमीच्या चाटण्यानं टक्कल पडत नाही.

केस आपोआप गळतायत की चाटून तुटतायत हे कळायला चार केस उपटून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे असतात. टोकं तुटलेली दिसली की ती चाटतेय. पाच मिनिटांचं काम आहे. कुणी केलं? कुणी नाही. थेट इंजेक्शन. कसलं, विचारलं तर "ॲलर्जीचं." ते लांब टिकणारं स्टिरॉइड होतं हे मला माझं मी शोधून काढावं लागलं. थोडे दिवस चाटणं थांबलं, मग पुन्हा सुरू, मग पुन्हा तेच इंजेक्शन. अशी स्टिरॉइड्स वारंवार टोचली की मांजराला मधुमेह होऊ शकतो, हे मला आधी सांगायला तोंड दुखत होतं का?

आणि हे टेन्शनचं खूळ किती पोकळ आहे बघा. २००६ साली अमेरिकेतल्या पशुवैद्यक संघटनेच्या नियतकालिकात एक अभ्यास आला होता. ‘मानसिक कारणानं केस चाटून काढतात’ असा संशय असलेली २१ मांजरं त्यात कसून तपासली. १६ मांजरांना शारीरिक आजार निघाला. निव्वळ मानसिक कारण फक्त २ मांजरांत, आणि उरलेल्या ३ मध्ये दोन्ही. १२ मांजरांना तर खाणंच सोसत नव्हतं! म्हणजे टेन्शन हे सगळं तपासून झाल्यावर, शेवटी म्हणायचं असतं. इथे दारातून आत पाऊल टाकायच्या आधी म्हणतात.

पिसवांचं नाव काढलं की उत्तर ठरलेलं, "घरातलं मांजर, पिसवा कुठून येणार?" आपल्या कपड्यांवरून येतात, जिन्यातल्या कुत्र्यावरून येतात. आपल्या हवेत बारा महिने येतात. दिसत नाहीत कारण ती चाटून गिळून टाकते. ॲलर्जी असलेल्या मांजराला थोडे चावेही पुरतात. बारीक दातांचा कंगवा फिरवा, निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवा. तांबूस डाग उमटला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. आणि अंगावर दिसतात त्या थोड्याच. अंडी, अळ्या, कोष सगळं सोफ्यात आणि गाद्यांत. एक आंघोळ घालून काय होणार?

सगळ्यात जास्त संताप मात्र औषधाच्या दुकानात, पिसवांचे ड्रॉप्स मागितले तेव्हा झाला. "मांजराचे ड्रॉप्स संपलेत, कुत्र्याचे न्या, अर्धे घाला." अर्धे! कुत्र्यांच्या काही ड्रॉप्समध्ये परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं. मांजराच्या यकृताला ते पचवता येत नाही. अंग थरथरतं, झटके येतात, जीव जातो. निम्म्या मापानंसुद्धा जातो. काउंटरवर उभं राहून बिनधास्त असं सांगणाऱ्या माणसाला दुकान चालवायला दिलंच कसं? तीच गत घरगुती उपायांची. कापूर घातलेलं खोबरेल लावा म्हणे. कापूर मांजराला विषारी आहे, आणि लावलेलं सगळं ती चाटून पोटातच घेणार आहे, एवढं तरी सुचावं!

खाणं सोसत नाहीये का हे बघायला खाण्याचा प्रयोग करावा तर घरातलीच माणसं आडवी येतात. किमान आठ आठवडे ठरलेल्या अन्नाशिवाय दुसरं काही द्यायचं नाही, तरच काही कळतं. सासूबाईंना हात जोडून सांगितलं. तरी ताटाखाली बांगड्याचा तुकडा पोचलाच. "एवढ्याशानं काय होतंय?" झालेले आठवडे वाया जातात, हे होतं!

पोटाचे केस चाटणाऱ्या मांजराला कधी मूत्राशयाचं दुखणंही असतं. मनीच्या लघवीबद्दल आजवर एकाही डॉक्टरनं चकार शब्द विचारलेला नाही. नायट्याची तपासणीही नाही, आणि तो तर घरातल्या पोरांनाही लागतो.

या आठवड्यात नवीन डॉक्टरांकडे नेतेय. केस उपटून बघा म्हणणार, लघवी तपासा म्हणणार. इंजेक्शन द्यायचं असेल तर आधी त्याचं नाव कागदावर लिहून मागणार. नाही लिहून दिलं तर सुई लावू देणार नाही.