रेणूचा ‘कॅमेरा’ नव्हता: एक खुलासा

‘अहमद झेवैल यांनी रेणू तुटतानाचा फोटो काढणारा कॅमेरा बनवला, म्हणून त्यांना नोबेल मिळालं’ असा मजकूर फिरतो आहे. १९९९चं रसायनशास्त्राचं नोबेल खरं. कॅमेरा मात्र नव्हता.

त्यांच्या पद्धतीत लेझरचे दोन स्पंद, म्हणजे प्रकाशाचे अगदी क्षणिक झोत, असतात. पहिला रेणूंना चाळवतो. दुसरा जरा उशिरा पोचतो आणि त्याचा किती प्रकाश शोषला गेला, किंवा रेणू त्यानंतर किती चमकले, एवढंच मोजलं जातं. फेमटोसेकंद (सेकंदाच्या एक अब्जांशाचा दहा लाखावा भाग) पकडेल इतका चपळ डिटेक्टर नसतोच. वेळ मोजतो तो दुसऱ्या स्पंदाच्या वाटेतला आरसा! तो १५ मायक्रोमीटर मागे सरकवला की प्रकाशाला जाऊन-येऊन ३० मायक्रोमीटर जास्त चालावं लागतं, म्हणजे सुमारे १०० फेमटोसेकंद उशीर. मला ही युक्ती कुठल्याही कॅमेऱ्यापेक्षा सुंदर वाटते. असं पुनःपुन्हा करून शोषणाचा आलेख उभा राहतो. तो असंख्य रेणूंची सरासरी असतो, एका रेणूचं चित्र नव्हे.

सौरघटांच्या पदार्थांत इलेक्ट्रॉन किती वेळ मोकळे राहतात, हेही आज याच रीतीनं तपासतात. तिथेही फोटो निघत नाही.