येताना वीस मिनिटं, जाताना सव्वादोन तास?

घरच्या ग्रुपवर तो मेसेज परत येऊन पडलाय. लंडन-पॅरिस अंतर अवघं ३४४ किमी, विमानाचा वेग ताशी ९००, म्हणजे प्रवास पंचवीस मिनिटांचा. तरी जाताना सव्वादोन तास लागतात आणि येताना वीसच मिनिटं, कारण वारा. आणि रेल्वे म्हणजे हौसेचा मामला. खाली काकांचे तीन अंगठे. काका मे महिन्यात खरंच निघालेत, म्हणून लिहितोय.

३४४ बरोबर आहे, पण ते नकाशावर पट्टी ठेवून मोजलेलं. मध्ये इंग्लिश खाडी आहे. रस्त्याने जाल तर साडेचारशेच्या वर भरतं.

ताशी ९०० हा वेग उंचावर गेल्यावरचा. दहा हजार फुटांखाली साधारण ताशी ४६० किमीची मर्यादा पाळावी लागते. इतक्या छोट्या पल्ल्यात विमान वर पोचतं न पोचतं तोच उतरायला लागतं. चहाचा कप हातात येतो आणि लगेच मागायला येतात. हवेत पंचेचाळीस-पन्नास मिनिटं जातात. तिकिटावर मात्र सव्वा तास किंवा थोडा जास्तच असतो, कारण ती वेळ विमान गेटवरून हलल्यापासून पुन्हा गेटला लागेपर्यंतची. धावपट्टीसाठीची रांग त्यातच आली, आणि लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरताना आकाशात घातलेल्या घिरट्याही.

आता वारा. हा मुद्दा नुसता चूक नाही, चक्क उलटा आहे. त्या भागात वरचे वारे बहुतेक पश्चिमेकडून पूर्वेला वाहतात, म्हणजे मदत झालीच तर पॅरिसला जाताना होणार, आणि तीही चार-दोन मिनिटांची. खरी गंमत घड्याळात आहे. पॅरिसचं घड्याळ लंडनच्या एक तास पुढे. लंडनहून ९ला निघालात आणि एक तास वीस मिनिटं लागली, तर पॅरिसला ११:२० वाजलेले असतात. पॅरिसहून ९ला निघालात तर लंडनला ९:२०. प्रवास तेवढाच! तिकिटावर दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या छापतात, आणि मेसेजवाल्याने त्यांची सरळ वजाबाकी केली.

रेल्वेचं म्हणाल तर खाडीखालच्या बोगद्यातून जाणारी युरोस्टार १९९४पासून धावतेय. लंडनच्या सेंट पँक्रसला बसायचं, सुमारे सव्वादोन तासांनी पॅरिसच्या गार द्यू नोरला उतरायचं. दोन्ही स्टेशनं भर शहरात. हीथ्रो आणि पॅरिसचं शार्ल द गोल हे विमानतळ मात्र आपापल्या शहरापासून वीस-पंचवीस किमी लांब, ‘लंडन’ ल्युटन तर त्याहून दूर. तिथवर जाणं, दोन तास आधी पोचणं, उतरून पुन्हा शहरात येणं धरलं की विमान सहज चार तास खातं. रेल्वेलाही तास-दीड तास आधी जावं लागतं. फ्रान्सची पासपोर्ट तपासणी लंडनलाच उरकते. ऐनवेळी काढलं तर रेल्वेचं तिकीट खिसा कापतं, हेही खरं. हीथ्रोलाच उतरून पुढचं विमान पकडायचं असेल, तर मात्र रेल्वेचा आग्रह धरू नये.

आणि काका, ब्रिटनच्या व्हिसावर पॅरिसला जाता येत नाही. शेंगेन, म्हणजे फ्रान्ससकट युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा व्हिसा, वेगळा काढायचा, तोही इथूनच.