क्रूस दिसतो, शेजारी दिसत नाहीत

आयसिसच्या तावडीतून सुटलेल्या इराकमधल्या मोसुल शहरात मुस्लिम-ख्रिस्ती शेजाऱ्यांनी चर्चवर क्रूस उभारला आणि घर सोडून गेलेले ख्रिस्ती 'सगळे परतले', असं लेखात एका फोटोसोबत म्हटलंय. पण तो फोटो मोसुलचा नाही. अमेरिकन लेखक-छायाचित्रकार मायकल यॉन यांनी तो नोव्हेंबर 2007 मध्ये बगदादच्या दक्षिणेकडच्या दोरा भागात, सेंट जॉन चर्चवर टिपला. घुमटावर चढलेले मुस्लिम आणि ख्रिस्ती शेजारी मिळून क्रूस उभा करताहेत. मोसुल आयसिसच्या तावडीतून सुटलं 2017 मध्ये, म्हणजे दहा वर्षांनी.

घोळ होतो तो फोटोखालच्या ओळीमुळे. घुमटावर कोण मुस्लिम, कोण ख्रिस्ती, हे कपड्यांवरून कळतच नाही. ते फक्त त्या मजकुरातून कळतं. फोटो फॉरवर्ड झाला की मजकूर गळतो, मग प्रत्येकजण आपलं शहर चिकटवतो. सेव्ह केलेला फोटो 'टिनआय'वर (फोटोवरून त्याच्या जुन्या प्रती शोधणारी वेबसाइट) टाका, 'सर्वात जुना' क्रम लावा. 2017 च्या आधीची एक प्रत सापडली तरी मोसुलचा दावा संपला. कडा कापलेली प्रत नको, पूर्ण चौकटीची घ्या. तारीख मात्र फाइलच्या माहितीत शोधू नका, व्हॉट्सअ‍ॅप ती पुसून टाकतं.

आणि 'सगळे परतले' हे वाक्य काढाच. 15 नोव्हेंबर 2007 ला बिशप श्लेमोन वारदुनी यांनी सेंट जॉन चर्चमध्ये मिस्सा (ख्रिस्ती सामूहिक प्रार्थना) केली, मुस्लिम शेजारीही आले. पण दोराचे बरेच ख्रिस्ती परतलेच नाहीत.